गावपळण आणि गूळ

जयवंती : मुद्द्यावर ये, भामे. मानकरी कौलाक गेले. देवान होय म्हटल्यान की दुपारपर्यंत गाव परत भरतलो. गेल्या पळणीक हंयच, ह्याच आंब्याखाली तू म्हणालंस, "वयनी, त्या धोंडसाचा खरा सांगू काय?" आणि ढोल वाजलो. तीन वर्सां मी त्या "काय"वर उभी आसंय.

भामा : उभी खंय? बसलंस तर आसस. आणि मुद्द्यावर मी येवचा? गेले तीन दिवस कोण बोलला? तुज्या गुडघ्याक दीड दिवस गेलो. गावातल्या लग्नांका अर्दो. उरलेल्यात तू निजलंस.

शर्मिला : आई, चहा. काकी, हा तुमचा. एक विचारू का? तीन दिवस विचारीन म्हणतेय.

जयवंती : विचार. पण थोडक्यात. आमचो वेळ जाता.

शर्मिला : मी मे महिन्यात लग्न होऊन आले. एका खळ्यात आपली दोन घरं. तुम्ही सख्ख्या जावा. इतक्या महिन्यांत तुम्हाला एकमेकींशी एक शब्द बोलताना ऐकलं नाही. आणि गाव सोडून व्हाळाचं पाणी ओलांडलं, तशा तुम्ही दोघी ज्या सुरू झालात...

भामा : आमचा भांडाण आसा गो.

शर्मिला : मग हे काय चाललंय?

भामा : आता पळण आसा.

जयवंती : तिका तसा समजूचा नाय. ओरोसच्या क्वार्टरीत वाढलला चेडू ता. ऐक गो. दर तीन वर्सांनी आमचो रवळनाथ म्हणता, गाव रिकामो करा, तीन दिवस माका एकट्याक सुखान ऱ्हवांदे. मगे माणसां, गुरां, कुत्री, मांजरां, सगळी शिवेभायर.

शर्मिला : ते कळलं. कोंबड्यांचं डालगं माझ्याच डोक्यावर होतं.

जयवंती : तर बारा वर्सां झाली. गणपतीत मी काकडी किसून तवसाचो गोड धोंडस केलंय. पडवेत चाळीस माणसां. आणि हिणा सगळ्यांसमोर घास तोंडात घालून काय म्हणूचा?

भामा : "वयनी, गूळ कमी पडलो."

जयवंती : ऐकलंस! बारा वर्सांनीपण सूर तोच.

भामा : मगे ही देवासमोर उभी ऱ्हवली. "रवळनाथा, ह्या गावाच्या शिवेत परत हिच्याशी बोललंय तर माजी जीभ झडांदे." मी काय गप ऱ्हवतंय? मीपण तीच शपथ घेतलंय. वायच मोठ्यान.

जयवंती : पण शिवेत. शिवेभायर देवाची हरकत नाय.

शर्मिला : म्हणजे बारा वर्षांत तुम्ही फक्त पळणीत बोललात?

भामा : ही चवथी. पयल्या पळणीक आमी नुसत्यो गाळी घातलाव. दुसरेक सासू गेलली, तर बसान रडलाव. तिसरेक खंय वायच मुद्द्यावर येत होताव, तर हो ढोल.

शर्मिला : आणि मध्ये काही सांगायचंच असलं तर? आमचं लग्न ठरलं ते काकींना कसं कळलं?

जयवंती : ता मी कपिलेक सांगितलंय.

शर्मिला : गाईला?

जयवंती : गोठ्यात उभी ऱ्हवान. खणखणीत. "कपिले, झिलाचा लग्न ठरला गो. चेडू ओरोसचा. नाकान बरा आसा, भाकरी येणा नाय."

शर्मिला : मला भाकरी येते, आई.

जयवंती : ता कपिलेक सांग. मी आता तिका परत काय सांगाक जावचंय नाय.

भामा : आणि मी पायरेर बसान मनीक सांगितलंय. "मने, लग्नाक मी येतलंय म्हण. पण पयल्या पंक्तीक बसतलंय."

शर्मिला : आणि हे देवाला चालतं?

जयवंती : गाय-मांजर काय माणसां आसत? शपथ माणसाची.

भामा : मी एकदाच चुकलंय. ही बावीर घसारली. माज्या तोंडातसून गेला, "वयनी, संबाळ!" दुसऱ्या दिसा माजी दाढ पडली.

शर्मिला : पण काकी, त्याच दाढेसाठी तुम्ही दोन वर्षं मालवणला डॉक्टरकडे जात होतात म्हणे?

भामा : दुखत होती. पडलेली नव्हती.

जयवंती : बघ! आणि मी उपकारपण मानूक शकलंय नाय. कपिलेक सांगितलंय.

भामा : ऐकलंय मी. "बावीतल्या भुतान वाचवल्यान" म्हणालंस.

जयवंती : मगे? नाव कसा घेतलंय असतंय?

शर्मिला : मला एक कळत नाही. गावाच्या शिवेबाहेरच बोलायचं, तर पळणीची वाट कशाला बघायची? आचऱ्याचा बाजार शिवेबाहेर. मालवण शिवेबाहेर. एवढं लांब कशाला, तुम्ही सरपणाला येता तो हाच माळ. आई मंगळवारी येतात, काकी शुक्रवारी. दोघी एकाच दिवशी आलात तर...

जयवंती : कोंबड्यांका दाणे घातलंस?

शर्मिला : घातले की.

जयवंती : परत घाल.

शर्मिला : पण मी काय म्हणते...

भामा : जा गो बाये. कोंबडी उपाशी ऱ्हवलेली बरी नाय.

जयवंती : गेली?

भामा : गेली.

जयवंती : शिकलेल्या माणसांका सगळा सोप्पा वाटता.

भामा : मंगळवार-शुक्रवार आपण कित्याक वाटून घेतललाव? भेटूचा लागू नये म्हणान.

जयवंती : आणि वाटणी झाल्यार दिवस सोडतलो कोण? तू तुजो शुक्रवार सोडतलंस?

भामा : मी कित्याक सोडू? तू मंगळवार सोड.

जयवंती : मी थोरली.

भामा : मगे झाला तर.

जयवंती : झाला. आता धोंडसाचा बोल. काय ता खरा?

भामा : खरा असा, की त्या दिवशी मी धोंडसाचे चार तुकडे खाल्लंय. तीन पानात, एक चुलीकडे जावन. हुबीच.

जयवंती : चार?

भामा : चार.

जयवंती : मगे मेले, गूळ कमी म्हणान बोंब कित्याक मारलंस?

भामा : पाच दिवस ऐकत होतंय. वयनीचो गणपती. वयनीची आरास. वयनीच्यो करंज्यो, काय गो बाय त्यांची पारी! मी रोज तीन वाजता उठान चाळीस माणसांचा खोबरा किसलंय. माजा नाव कोणी काढल्यानी? म्हटलंय, एक तरी कमी निघांदे हिचा.

जयवंती : आणि तुका नेमको गूळच गावलो.

भामा : कारण तो कमीच होतो.

जयवंती : नव्हतो.

भामा : होतो.

जयवंती : भामे, माज्या सासून माका जो अंदाज शिकवल्यान...

भामा : माजी कोण होती मगे ती? शेजारीण?

शर्मिला : आई! काकी! देवाने कौल दिला नाही!

जयवंती : काय सांगतंस?

शर्मिला : तीनदा लावला म्हणे. फूल उजवीकडून पडतच नाही. आणखी एक रात्र इथंच काढायची. लोक नुसते चिडलेत. सुदेशभावजींची रजा आज संपली. बाबलीकाकांकडे तांदूळ संपले. मानकऱ्यांतले भाई प्रत्येक झोपडीत जाऊन विचारतायत, कोणाची काय चूक झाली ते खरं सांगा. कोणाचं जनावर गावात राहिलंय का, कोण गुपचूप घरी जाऊन आलं का. आता इकडेच येतायत.

जयवंती : तेका सांग, आमची सगळी जनावरां हंयच आसत. मोजून बघ म्हणा.

भामा : आणि माणसांपण.

शर्मिला : सांगते. पण तुम्ही दोघी अशा का बघताय?

जयवंती : जा, आदी सांग तेका. भाई हंय येवक नको.

भामा : वयनी.

जयवंती : हं.

भामा : काल सांजेक तू देवळाच्या दिशेक हात जोडून काय पुटपुटत होतंस?

जयवंती : नेहमीचाच. झिलाक बरा कर, सुनेक अक्कल दी.

भामा : मगे?

जयवंती : मगे काय मगे. तू घराकडसून आणलेल्या तुळशीच्या कुंडीकडे बसान डोळे मिटललंस, ता कशाक?

भामा : आदी तू.

जयवंती : मी थोरली. आदी तू.

भामा : मी म्हटलंय, "महाराजा, वयनी निजता लय. एक दिवस वाढवन दी."

जयवंती : रवळनाथा!

भामा : आणि तू?

जयवंती : मी म्हटलंय, "ही मुद्द्यावर येणा नाय. एक दिवस वाढव."

भामा : दोघींनी मागल्यार देव तरी काय करतलो?

जयवंती : हजार माणसां उघड्यार, भामे.

भामा : आणि गुरां. सुदेशाची रजा.

जयवंती : भाईक खरा सांगूया?

भामा : सांगूया. दोन म्हाताऱ्यांका बोलूक वेळ कमी पडलो म्हणान देवान आक्को गाव अडकवन ठेवल्यान म्हणा. भाई आपल्याक दोघींका हंयच सोडून जातलो.

जयवंती : तो खंय इतको बरो!

भामा : वयनी, पण तू कित्याक मागलंस? खरा सांग. धोंडसासाठी?

जयवंती : पुढच्या पळणीक मी सत्त्याहत्तराची होतलंय. हो गुडघो व्हाळ उतारतलो की नाय, माका ठावक नाय. उतारलो नाय तर चार जण उचलून आणतले. उचलून आणलेल्या माणसाक भांडूक येता काय? भांडाक पायार उभा ऱ्हवचा लागता.

भामा : म्हणान तर मी दीड दिवस तुज्या गुडघ्याचा ऐकलंय.

जयवंती : ऐकलंस, आणि वर मोजलंस.

भामा : मोजूक नको? सगळे मिळान बारा दिवस आपले.

जयवंती : आता तेरा.

(दुसऱ्या दिवशी दुपार. देवळाकडून ढोल. व्हाळाच्या काठावर माणसं, गुरं, डालगी, गाठोडी.)

शर्मिला : चला, चला. आज पहिल्याच फुलाला उजवा कौल. भाई म्हणतायत, म्हातारी माणसं पुढे.

जयवंती : म्हातारी कोण ता भाईक विचार. भामे, काल आक्को दिवस गावलो. काय केलाव आपण?

भामा : तू जेवन निजलंस. ती दिवे लागणीक उठलंस.

जयवंती : मगे उठवलंस कित्याक नाय?

भामा : बरी निजललंस.

जयवंती : देवाकडे मागून घेतललो दिवस, आणि ही बसान माशी हाकता.

भामा : माशी नव्हती. मुंगळे होते. हात दी, दगड बुळबुळीत आसत.

जयवंती : माका हात नको. तू हो फुडे. शीव खंय ती बघ.

भामा : ह्या काळ्या दगडाकडे. हेच्या फुडे गाव. वयनी, जातंय मगे.

जयवंती : जा.

भामा : काय सांगूचा ऱ्हवला नाय मां?

जयवंती : काय नाय. जा.

शर्मिला : काकी पोचल्या पलीकडे. आई, चला ना. थांबलात का? मागे गुरं अडलीत.

जयवंती : अडांदे. भामे!

शर्मिला : आई, त्या शिवेत गेल्या. आता बोलायच्या नाहीत.

जयवंती : तिणा बोलूक नकोच. मी अजून भायर आसंय. भामे, कान उघडे ठेव, परत सांगूचंय नाय. गूळ कमी होतो.

शर्मिला : आई...

जयवंती : ढेप संपलली. तुज्या घरात आक्की ढेप होती, ता माका ठावक होता. पण चाळीस माणसां बघत होती आणि मी वाटी घेवन धाकटेच्या दारात जावचा? म्हटलंय, तवसा गोड आसा, भागतला. भागला नाय.

शर्मिला : काकी तोंडाला पदर लावून हसतायत.

जयवंती : हसांदे. पदर लावल्यार दाढ नाय ती दिसणा नाय. चल, सर फुडे. ह्या बघ, मीपण इलंय शिवेत. संपला बोलणा.

भामा : मने! गो मने!

शर्मिला : मांजर माझ्या पिशवीत आहे, काकी. झोपलंय.

भामा : निजांदे. मने, निजान ऐक. ह्या खेपेक शुक्रवारी माका सवड नाय. सरपाक मंगळवारी जावचा लागतला.

शर्मिला : मंगळवार आईंचा आहे.

जयवंती : शर्मिला, तू डालगा संबाळ. कपिले, चल गो बाये, घर इला. आणि मंगळवारी सरपाक जाताना वांगडा गुळाचो खडो घेवचो आसा. याद कर माका.