शांतेच्या आवडीचं

पेटी वाजव म्हणून मांगं लागू नका बाप्पा. चहा प्या, अन् ऐका.

तुमाले तर माहीत आहे, मले सारंच वाजवता येते. भजनात मी, कव्वालीत मी, जयंतीच्या गाण्यायले मी, लग्नाच्या बँडमंदी कॅसिओवर बी मीच. समोर बसलेल्यायचे तोंडं पाह्यले की कोणाले काय पाह्यजे ते बरोबर समजे. साऱ्या बाभुळगावात तेच तर नाव होतं माह्यं.

मांगच्या साली माही बायको, शांता, आजारी पडली. आता घरीच ठेवा, म्हणे डॉक्टर. एका दुपारी ती म्हणे, "अवो, जनमभर लोकायले वाजवून दाखवलं. आज माह्या आवडीचं वाजवा."

मी एक धरलं.

"हे भजनी मंडळाचं," ती म्हणे.

दुसरं धरलं.

"हे फुलसावंगीच्या कव्वालीवाल्यायचं."

तिसऱ्याले डोळे मिटूनच म्हणे, "हे राजूरच्या लग्नातलं."

"मंग तुले कोणतं आवडते, सांग ना!"

"आता ते बी मीच सांगू?"

भाता फुगून गच्च झाला, पण कोणती पट्टी दाबावी तेच समजेना. तिनं माह्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. दमले असान तुमी."

दोन दिवसानं ती गेली. तिले नेतानी भजनी मंडळ आलं. टाळवाल्यानं हळूच विचारलं, "वहिनीले कोणतं आवडे?"

सुचलं ते एक सांगून देल्लं. एकाले बी शंका आली नाही.