बिनपाण्याचा चहा

चहा होईस्तोवर चहाचंच सांगतो. एका दुष्काळात भर मे महिन्यात बिडकीनकडं प्लॉट बघायला निघालो आणि वाटेत गाडी बंद पडली. उन्हानं जीव नुसता कासावीस. रस्त्याकडेच्या झोपडीत शेळ्या राखणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांना पाणी मागितलं.

"टँकरच आला नाय बाबा. सावलीला बस जरा."

त्यांनी शेळी पिळली, चूल पेटवली आणि ओशाळून कप पुढं केला. "पाणी नाय, निव्वळ दुधाचाच झालाय. गोड मानून घे."

त्या चहानं खरंच जिवात जीव आला. म्हटलं, "मावशी, लई उपकार झाले! शहरात असल्या बिनपाण्याच्या चहाला स्पेशल म्हणतात."

मावशी कळवळल्या. "आरं देवा! तिथं बी टँकर येत नाय व्हय? थांब, अजून एक कप पिऊन जा."