वरच्या वाफ्याचं पाणी

माहेर माहं वांकिडीकडचं, जेवारी-कापसाचं, वांग्याचं झाड आमच्या परसात एखादं असलं तं असलं. जैनथकडे देल्ली, तं इथं सासरी सारा भाजीपाल्याचा धंदा, तोडा, टोपल्या भरा, आदिलाबादच्या बाजारात न्या, हेच. सासऱ्यानं वावराच्या दोन वाटण्या केल्या, वरची भासऱ्याले, म्हंजे आमच्या ह्याईच्या मोठ्या भावाले, अन् खालची आमाले. विहीर वरच्यात, पण दोघाईची. पाणी त्याच्या वाफ्यातून भिजवत भिजवत आमच्यात उतरे. तवा कोणाले वाटलं यात काही वाईट हाये म्हणून? पाणी ते पाणी.

मंग एका साली वांगे पिवळे पडाले लागले. दुपारी माना टाकत, पाणी देल्लं तरी टाकत. मी एक झाड उपटलं, पाह्यते तं मुळीले गाठीच गाठी, हळकुंडासारक्या. हे म्हने नजर लागली. मी म्हटलं नजर मुळीले लागते काय, अन् ती मुळी पदरात बांधून शेतकीच्या साहेबाले नेऊन दाखवली. साहेब चांगला, मराठी बोले. तो म्हने बाई, मातीत डोळ्याले न दिसणाऱ्या अळ्या हायेत, त्या मुळीत घर करतात, फवारून जात नाहीत, तू वांग्याच्या आधी झेंडू लाव, निंबोळीची ढेप, म्हंजे पेंड, टाक. अन् एक बुरशीची भुकटी देल्ली, ही जिती हाये म्हने, उन्हात ठेवू नको, शेणखतात मिसळून सावलीत ओली ठेव. जिती भुकटी! मी हसली बाप्पा, पण केलं सारं. झाडं उभे राह्यले हो, मुळ्या पांढऱ्याशिपट झाल्या. पण पाणी सुरू झालं की वरची माती वाहत ये, अन् जिथून पाणी वावरात शिरे तिथूनच झाडं पुन्हा पिवळे. साहेब म्हने, वरच्या वाफ्यातबी हेच करा लागते, नाही तं तुया एकटीच्या करण्यानं काही होत नाही.

आता काय सांगू तुमाले, वरचा म्हंजे भासरा! आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही, पदर खाली ओढून बाजूले होते. जाऊ असती तं तिच्याजवळ निरोप देल्ला असता, पण ती वारली होती. ह्याईले म्हटलं तुमी सांगा, तं हे म्हने मी काय भाऊले शेती शिकवू काय, काऊन मले त्यात घालतं. चीड ये, रडू ये. मंग एक दिवशी भासरा विहिरीवर बैलाले पाणी पाजून राह्यला होता, मी पाठमोरी झाली अन् बैलालेच म्हटलं, ढवळ्या, तुया मालकाले सांग, यंदा वरतं झेंडू लावा, नाही तं माहे लेकरं काय खातील. मंग तोबी बैलालेच म्हने, ढवळ्या, सांग तिले, पाऊस लागला की लावतो. मी घरी येऊन किती खुश झाली होती, काय सांगू.

पाऊस लागाच्या आधीच काविळीनं गेला तो. पोरगा त्याचा नागपूरले कामाले, त्यानं वावर विकलं. घेतलं दूरच्या तेलगू माणसानं, नवराबायको दोघंबी कष्टाळू, त्याईनं टमाटे लावले. मले वाटलं आता तं सोपं झालं, हे काही माहे भासरे नाहीत, तोंडानं बोलता येते. पण बोलू कायनं? मले तेलगू येते बाजारापुरतं, घ्या, द्या, केवढ्याले. मातीतल्या अळीले काय म्हनतात ते कुठून येईन?

एका सकाळी ती बाई एकटीच वाफ्यात होती. मी माह्या वांग्याची मुळी नेली, गाठी दाखवल्या, तिच्या वाफ्याकडे हात केला. ती नुसती हसली. मंग मी, अक्कल पाहा माही, तिचंच फुलावर आलेलं झाड उपटलं, हे पाह्य, तुयाबी मुळीले हायेत, म्हणून. होत्या गाठी, खरंच होत्या. पण तिनं मुळी पाह्यलीच नाही, तिनं उपटलेलं झाड पाह्यलं. अशी किंचाळली, नवरा धावला, आजूबाजूची माणसं जमली, ती रडून रडून सांगून राह्यली अन् मले समजलं ते एवढंच, की मी त्याईच्यावर जळते. ह्याईनं हात जोडले त्याईले. घरी मले म्हने, आता एक शब्द काढू नको, आपलं पाणी त्याईच्या वाफ्यातून येते, बंद केलं तं? खरं होतं ते. नाही काढला मी.

तो साहेबबी तोवर बदली होऊन गेला होता. वांगे लावणं सोडलं मी, जेवारी करून राह्यलो आता, तिले त्या अळ्या एवढ्या सतावत नाहीत. भाजीवाल्याच्या घरची मी, अन् वांगे विकत आणते, लाज वाटते बाजारात. दुपारी त्याईचे टमाटे माना टाकतात, ते दोघं बापडे आणखी पाणी देतात, आणखी देतात. राहावत नाही, उठते, बांधापर्यंत जाते. मले पाह्यलं की ती बाई धावत येते अन् हात पसरून झाडाईच्या पुढं उभी राह्यते. मंग मी वापस फिरते. देव भलं करो तिचं, मी काय करू?