तहानलेल्या चंद्राला किती स्टार?

नाही, पण मला एक सांगा, तीनशे वर्षांचा बाप्या कॉलेजात करतो काय? तेही एफवायला! अहो, तीनशे वर्षांत इकडं खाडी बुजवून शहर वसलं, बिल्डिंगी झाल्या, त्या पाडून टॉवर झाले, आणि हा आपला खिडकीच्या बाकावर बसून पुढच्या पोरीच्या मानेकडे बघतोय! मी म्हटलं, ह्याला एटीकेटी लागली का काय? आणि खाली बायका लिहितायत, "हाय अधिराज! माझा अधिराज!" आता असल्या पुस्तकाला स्टार द्यायचे किती, तुम्हीच सांगा!

थांबा, मी मधूनच सुरू झाले. मी सुनयना. जुईनगरची. माहेर-सासर दोन्ही सातारा. आमचे हे, उदयसिंहराव, वाशीच्या मार्केटात लसणाचे व्यापारी. लसूण म्हणजे ह्यांचं दैवत! लग्नानंतर लोक बायकोला गजरा आणतात ना? ह्यांनी मला लसणाचा गड्डा आणून दाखवला. "बघ कसा पांढराशुभ्र हाय! पाकळी न् पाकळी भरलीया!" मी नवी नवरी, मला वाटलं हे माझं कौतुक चाललंय.

तर सांगत काय होते... हां. आमची क्रांती. एकुलती एक. मोबाईलवर काहीतरी वाचायची आणि गालात हसायची. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हिचं लक्ष नाही! तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षांची पोरगी मोबाईल बघून हसायला लागली ना, की आईनं समजायचं, ह्यात कुणीतरी पोरगा आहे. एक दिवस हिसकून घेतला. तर निघाली कादंबरी! 'तहानलेला चंद्र', लेखक 'निशाचर'. वाचायच्या ॲपवर दर आठवड्याला एक भाग. व्हॅम्पायरची गोष्ट. व्हॅम्पायर म्हणजे रात्रीचा फिरून माणसांचं रक्त पिणारा, उन्हाला आणि लसणाला भिणारा, पण दिसायला देखणा, माथेरानला बंगला, गाडी काळी, पोरगी तन्वी...

मी म्हटलं, बघू तरी पोरगी काय वाचतेय, आईचं कर्तव्य आहे! बसले वाचायला. कर्तव्य करता करता संध्याकाळ झाली. ह्यांना आमटी मिळाली नाही.

आणि राग काय आला म्हणता! हा अधिराज आरशात दिसत नाही. बरं, नाही दिसत. मग रोजच्या रोज भांग कोण पाडून देतं? पानोपानी ह्याच्या केसांचं वर्णन! आणि ते रक्त... अहो, आमच्या गावाकडं जत्रेला बकऱ्याची रक्ती करतात, कांदा परतून, आलं-लसूण लावून, वरून कोथिंबीर. चवीनं खा की! हा कच्चंच पिणार, ना मीठ ना मसाला, आणि वर म्हणणार, "तन्वी, तुझ्या रक्ताचा गंध मला वेडं करतो." हे वेडेपण, आणि आमच्या शेजारच्या नफिसाभाभी हे वाचून डोळे पुसतायत! मी म्हटलं, भाभी, रडताय काय? तर म्हणतात, "सुनयनाताई, दिवसा झोपतो, रात्री फिरतो, घरचं जेवत नाय... आमचा अरसलान पन तेच करतो, त्याला कोन पुस्तकात घालत नाय!"

तर खाली स्टार द्यायची सोय होती, आणि मत लिहायची. माझे हात पिठात. मी म्हटलं, क्रांती, लिही! मी सांगते, तू टाइप कर. "दोन स्टार. मुलगा नापास आहे, केसांचा हिशोब लागत नाही, आणि स्वयंपाक शिकावा." तिनं केलं. नाव ठेवलं 'जुईनगरची आई'. मला काय माहीत त्याचं पुढं काय होणार!

दर आठवड्याला आमचा कार्यक्रमच झाला. मी कणीक मळायची, तोंडानं रिव्ह्यू द्यायचा, पोरीनं लिहायचा. आणि मग तो भाग आला... तन्वीच्या दारात अधिराज उभा. आत येत नाही. का? तर म्हणे घरातल्यानं 'या' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही! मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, क्रांते, लिही. "अहो निशाचर, हे भूत नाही, हा जावई आहे! बोलावल्याशिवाय येत नाही. एकदा आला की जात नाही. घरात शिजलेलं ह्याला चालत नाही. हा झोपला की सगळ्यांनी दबकून चालायचं. आणि आरशात ह्याला स्वतःचं काहीच दिसत नाही. रक्त पितो हे तुम्ही आत्ता सांगताय, आमच्याकडे जावयाला दहावा ग्रह कधीपासून म्हणतात! एक स्टार."

काय सांगू तुम्हाला! बायका तुटून पडल्या. कुठून कुठून... नागपूर, बेळगाव, एक तर दुबईहून! "ताई, आमचा पण असाच आहे." आणि त्या निशाचरचं उत्तर आलं, "आदरणीय वाचक, आपण अधिराजच्या एकटेपणाकडे पाहिले नाही." मी म्हटलं, लिही, "एकटा असेल तर सकाळी उठून भाजी आणावी, चार माणसं भेटतात." क्रांती लिहिताना कशी हसत होती! मला वाटलं, आईच्या विनोदाला हसतेय. आई म्हणजे भोळीच असते हो.

आणि महिन्याभरानं ही म्हणते, "आई, एकजण घरी येणारे. शिवतेज. दिघ्याला राहतो, तिकडंच एका कंपनीत रात्रपाळीला आहे. पप्पांना तूच सांग." माझे हात पिठात तसेच. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "येऊ दे. बघू. जेवायलाच बोलाव, जेवताना मानूस कळतं."

रविवारी, भर दुपारी, बेल वाजली. दार उघडते तर काय... उंच, पांढराफटक, डोळ्याला काळा गॉगल, अंगात काळा शर्ट! आणि उंबऱ्याबाहेर उभा. हसतो, पण आत येत नाही! मी बघतेय, तो बघतोय. शेवटी बारीक आवाजात म्हणतो, "काकू... येऊ का?" तुम्हाला सांगते, मला तो दारातला अधिराजच आठवला! तोंडातून 'या' निघेना. मागून क्रांती ओरडली, "आई, ये म्हण ना!" म्हटलं बाबा, ये. आलं ते आत.

मी म्हटलं हात धुवा, बेसिन तिकडं आहे. बेसिनवर आरसा आहे ना! मी पडद्याआडून बघितलं. दिसत होता. केस पण नीट करत होता. जरा जीवात जीव आला. मनात म्हटलं, एक स्टार.

पानं वाढली. ह्यांनी स्वतःच्या हातानं लसणाची चटणी वाढली, गाळ्यावरचा निवडक लसूण घरी आणून कुटलेली! हे कुणालाही ती असं वाढत नाहीत, तुम्हाला सांगते. पोरानं चटणीकडे बघितलं. ताट जरासं मागं सरकवलं. आणि म्हणतो कसा... "काका, माफ करा. मी लसूण खात नाही."

संपलं! ह्यांच्या हातात चमचा तसाच. "खात न्हाई? म्हंजी? अजिबात?" "अजिबात." मी क्रांतीकडे बघितलं, तिचे डोळे भरलेले. मला इतकं वाईट वाटलं हो! भूत असो नाहीतर कुणी असो, पोरीचा जीव बसला होता त्याच्यावर, आणि बाप एका पाकळीवरून उठवणार होता त्याला.

मी मध्ये पडले. म्हटलं, का खात नाही? तर शर्टाच्या कॉलरमधून तुळशीची माळ काढली बाहेर. "आमचं घर माळकरी आहे, काकू. कांदा-लसूण पण वर्ज्य." मी म्हटलं, अगं बाई, चांगलं आहे की! मग रात्रपाळीला जागं राहायला काय करता? भजन? तो क्रांतीकडे बघायला लागला. क्रांती ताटाकडे. मग म्हणाला, "थोडं... लिहितो. 'तहानलेला चंद्र'."

माझ्या हातातली पोळी पडली! ज्यानं जन्मात आम्लेट खाल्लं नाही, त्यानं पानोपानी रक्त पाजलं मला! आणि आमची कार्टी... रिव्ह्यू माझा टाकायची आणि मागून त्याला वेगळं लिहायची, "आईचं मनावर घेऊ नका हं." तिथून जमलं सगळं! म्हणजे मीच जमवलं की! एकेक स्टार कापून जावई आणला मी घरात!

आणि तो बावळट म्हणतो, "काकू, तुमचे रिव्ह्यू मला पाठ आहेत." आणि ह्यांच्यासमोर धडाधडा म्हणून दाखवला तो जावयाचा! दहाव्या ग्रहासकट! मला वाटलं धरणी फाटावी. ह्यांनी चमचा खाली ठेवला. "ही... हिनं तुला हे सुनावलं? दर आठवड्याला?" "हो काका." "आनि तू तरीबी आलास? बेल वाजवून?" "हो काका."

हे उठले. मला वाटलं हाकलतात आता. तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लसनाचं जाऊ दे रं! हिचं ऐकून घेऊन जो दारात उभा ऱ्हातो, त्याला आपून दुसरी परीक्षा काय घ्यायची?" आणि चटणीची वाटी उचलून स्वतः संपवली. आनंदानं!

लग्न झालं. थाटात. आता परवा धोंड्याच्या महिन्याचं वाण घ्यायला जावई आले. दारात उभे! अजूनही! "आई, येऊ का?" म्हटलं या, या, आता काय राहिलंय बाहेर!

आणि नवीन कादंबरी सुरू झालीय त्यांची. मी वाचली. त्यात एक सासू आहे. गळ्यात लसणाची माळ, हातात लाटणं, तीनशे वर्षांच्या व्हॅम्पायरला पळता भुई थोडी करते! नाव काय, तर 'सुलोचना'! सुनयनाची सुलोचना, कळू नये म्हणून! नफिसाभाभी हसून हसून पडल्या. बायका खाली लिहितायत, "सासू बेस्ट!"

मी कणीक मळायला घेतली, तोंड उघडलं, "क्रांते, लिही..." आणि आठवलं, लिहायला घरात आहे कोण? फार रिकामं वाटलं हो. मग हात धुतले, एका बोटानं स्वतःच लिहायला बसले. भाषा बरी. सासूचं पात्र अतिरंजित. ह्यांना विचारलं, अहो, खरं सांगा, मी अशी आहे का? आणि ह्याला स्टार द्यायचे किती?

हे लसूण सोलत होते. वर न बघता म्हणाले, "पोटची पोर दिलीस ना त्याला? मग आता स्टारला कशाला हात आखडतीस? दे पाच!"

दिले.