समोरची म्हणेल तेव्हा बसायचं

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपल्या इस्पितळाचे मोठे डॉक्टर. व्यासपीठावर बसलेले बाकीचे डॉक्टर आणि कार्यालयातली मंडळी. उद्यापासून आमचा धुलाई विभाग सांभाळणाऱ्या नव्या बाई. आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे साहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि समोर बसलेल्या माझ्या बायांनो, ज्यांच्यातल्या निम्म्या आत्ताच ड्यूटी संपवून आल्यात आणि ज्यांचा एक डोळा दाराकडे आहे, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

विभागात सगळ्यात जुनी मी आणि सगळ्यात तोंडाळही मीच, म्हणून मला उभं केलंय. माझी शाळा चौथीत सुटली. मोठाले शब्द माझ्याकडे नाहीत, आणि जे होते ते माझ्या आधी बोलणाऱ्यांनी वापरून टाकले. साहेब कर्तव्यदक्ष, साहेब दूरदृष्टीचे, साहेब दीपस्तंभ. ऐकून ऐकून साहेबांचाच चेहरा उतरलाय. मीही दमलेय. सकाळपासून चादरी इस्त्री करणाऱ्या गरम रुळापुढे उभी होते, आता इथं उभी आहे. म्हणून मुद्द्याचंच बोलते.

पहिल्या रांगेच्या कडेला ते हिरवं बाक दिसतंय ना, ते या सभागृहाचं नाही. ते आमच्या विभागातलं आहे. आम्ही चौघींनी जिन्यावरून उचलून आणलं. त्यावर बसल्यात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. अध्यक्ष महोदय, तुम्ही ते ओळखलंत, मला दिसलं. उद्या ते भंगारात टाकायचं असा तुमच्याकडून निरोप आलाय. ते जाऊ नये म्हणून मी उभी आहे. साहेबांचं कौतुक त्यात होईलच, वेगळं करायला लागणार नाही.

साहेब आमच्याकडे यायच्या आधी मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचे. आले तेव्हा गळ्यात शिट्टी होती, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही त्यांचं नाव 'शिट्टी' ठेवलं. साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं? आता झालं. वहिनी हसतायत, म्हणजे घरी माहीत होतं.

तर हे शिट्टी साहेब. रोज सकाळी आम्हाला गोल उभं करायचे, सगळ्यांचे हात एकावर एक ठेवायला लावायचे आणि ओरडायला लावायचे. इस्पितळात ओरडायचं! वरच्या वॉर्डातून नर्सबाई धावत आल्या होत्या, कोण गेलं म्हणून. मग म्हणाले, डोळे मिटा आणि आजचं काम मनात करून बघा, खेळाडू असंच करतात. आम्ही मिटले. अर्ध्या जणींना तिथंच डुलकी लागली. पहाटे उठून डबे करून आलेल्या बाईला डोळे मिटायला सांगितलं तर ती काय विचार करणार, सांगा बरं?

पण एक गोष्ट लागू पडली. चादर करपली, डाग राहिला की साहेब म्हणायचे, "गेलेला पॉइंट गेला, पुढची सर्व्हिस बघा." आधीचे मुकादम करपलेली चादर आठवडाभर नाकासमोर नाचवायचे. त्या धाकानं दुसरी करपायची. साहेबांनी ते बंद केलं. माझ्या घरीसुद्धा आता कपबशी फुटली की धाकटा लेक आधी ओरडतो, "गेलेला पॉइंट गेला!" फोडलेली त्यानंच असते.

मग आला तो फळा. 'आठवड्याची सर्वोत्तम खेळाडू.' जिच्या घड्या सगळ्यात जास्त आणि नीट, तिचं नाव शुक्रवारी रंगीत खडूनं. साहेब, तुमचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. पण आम्हा बायांचं नाव कुठं लिहिलं जातं हो? लाइटच्या बिलावरसुद्धा नाही. त्या फळ्यानं वेड लावलं. ज्या बाया एका डब्यात जेवायच्या त्या एकमेकींच्या ट्रॉल्या लपवायला लागल्या. मिरची नावाची आमची एक आहे, ती तिकडं मागं तोंड लपवतेय, तिनं तर पाणी प्यायचं सोडलं. का, तर मोरीपर्यंत जाण्यात वेळ जातो.

माझ्या जाऊबाईंचं नाव एकदाही लागलं नव्हतं. एका आठवड्यात लागायची वेळ आली आणि नेमका त्यांना ताप भरला. मी सांगितलं, "जाऊबाई, घरी जा."

"गप बस, धाकटे. शुक्रवारपर्यंत मला काही होत नाही."

"डोळे बघा तुमचे, लाल झालेत."

"वाफेनं झालेत. तू तुझं टोक धर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गरम रुळातून चादर बाहेर येते तेव्हा दोघी दोन बाजूंनी ती धरतात. ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची. समोरचीचा चेहरा वाफेत दिसत नाही, पण चादरीतून तिचा हात कळतो. त्या दिवशी चादर एकदम सैल पडली. मी ओरडले, पण तोवर जाऊबाई पुढे कलल्या होत्या आणि आधाराला त्यांनी हात टेकला तो रुळावर.

जाऊबाई, हात वर करून दाखवू नका. असू दे. सगळ्यांना माहीत आहे.

साहेबांनी तो फळा स्वतः उतरवला. कुणाला हात लावू दिला नाही. कुणाला दोषही दिला नाही. मग कुठल्याशा वॉर्डातून टाकून दिलेलं हे बाक आणलं, स्वतः रंगवलं आणि रुळाशेजारी ठेवलं. म्हणाले, "मैदानाशेजारी राखीव खेळाडूंचं बाक असतं. जी दमेल तिनं बसायचं. कपडे वेगळे करणाऱ्यांतली एक तिच्या जागी येईल."

कुणी बसलं? कुणीही नाही! आम्ही त्यावर ओल्या पिशव्या रचल्या. साहेब रोज पिशव्या खाली ठेवायचे, आम्ही रोज वर ठेवायचो. शेवटी वैतागून म्हणाले, "अगं बायांनो, मी रंग काय पिशव्यांसाठी दिला? बसत का नाही?"

मिरची म्हणाली, "साहेब, आज मी दमले म्हणून बसले, तर उद्या तुम्ही म्हणाल घरीच बस."

साहेबांनी शिट्टी बोटात फिरवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माझ्या संघातल्या पोरीही कधी दमले म्हणायच्या नाहीत. पाय मुरगळला तरी म्हणायच्या, खेळते. त्यांना बाहेर मला काढायला लागायचं. पण मला दिसायचं उशिरा. शेजारी खेळणारीला आधी कळायचं." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या जावेचं तुला कधी कळलं होतं?"

मी म्हटलं, "सकाळीच. चादरीतून."

तिथं नियम ठरला. स्वतः बसायचं नाही. समोरची 'बाक' म्हणेल तेव्हा बसायचं, आणि म्हटलं की वाद घालायचा नाही. ना मी, ना ती, ना साहेब. आता बसणारीवर बोल नाही, कारण तिनं मागितलंच नाही. आणि म्हणणारीवरही नाही, कारण तिला कळलं म्हणून ती बोलली.

सुरुवातीला गंमत झालीच. मिरची ज्या बाईशी भांडण असेल तिला चहाच्या आधी बरोबर 'बाक' म्हणायची. साहेबांनी सांगितलं, "हाक खोटी निघाली तर शस्त्रक्रियेचे डागाळलेले कपडे हाक देणारीनं भिजवायचे." मिरचीनं पुष्कळ भिजवले. मग सरळ झाली. मी घरी नवऱ्याला सांगून पाहिलं, "मी दमलेली दिसले की तुम्ही बाक म्हणायचं." तो म्हणाला, "आणि स्वयंपाक?" म्हटलं, "या घरात राखीव खेळाडू कोण बसून आहे ते बघा शोधून." तेव्हापासून भात तरी त्याचा तो लावतो. कच्चा राहतो, पण लावतो.

यानं काम वाढलं का? असं कार्यालयातल्या एकांनी मला विचारलं होतं. नाही वाढलं. खोटं कशाला बोलू? कमीही झालं नाही. पण रुळावर पुन्हा कुणाचा हात गेला नाही. आणि ज्या बाया एकमेकींच्या ट्रॉल्या लपवायच्या, त्या पुन्हा एका डब्यात जेवतात. हे कुठल्या तक्त्यात बसतं ते मला माहीत नाही.

आता साहेबांकडे येते. निमंत्रणावर छापलंय, 'वैयक्तिक कारणास्तव.' निवृत्तीला अजून अवकाश आहे. मग माणूस का जातो? गेलं वर्षभर साहेब जिना चढताना मधेच थांबायचे आणि कठडा तपासल्यासारखं करायचे. कठडा कसला तपासता साहेब, तो लोखंडी आहे! वरून माणसं कमी करा, साबण कमी करा, असे हुकूम यायचे. ते सगळं तुम्ही एकट्यानं अंगावर घ्यायचात आणि खाली येऊन आम्हाला म्हणायचात, पुढची सर्व्हिस बघा. चादरीला दोघी असतात. तुमचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? नियमात तुम्ही स्वतःला धरलंच नव्हतं. त्या बाकावर तुम्ही एकदाही बसला नाहीत.

नव्या बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तरुण आहात, करालच नीट. पण तुमचं दुसरं टोक कोण धरणार, ते पहिल्या दिवशी ठरवा. हवं तर मी धरते. माझी जीभ तिखट आहे, पण पकड बरी आहे.

आणि अध्यक्ष महोदय, आता तुम्ही. फेरीला आलात तेव्हा म्हणालात, "कामाच्या जागी बायका बसलेल्या बऱ्या दिसत नाहीत." मान्य. पण पडलेल्या बऱ्या दिसतात का? ट्रॉल्यांना जागा हवी असेल तर ट्रॉल्या भिंतीकडे सरकवू, आम्ही करतो ते. बाक राहणार की जाणार, तेवढं आत्ता सांगा. काय म्हणालात? बघू? बघू म्हणजे काय हो? साबणाचं बघू, पंख्याचं बघू, हातमोज्यांचं बघू, जाऊबाईंच्या हाताचं सुद्धा तुम्ही बघू...

ऐकलंत? जाऊबाई ओरडल्या. "धाकटे, बाक!"

अहो जाऊबाई, अजून माझं... बरं. नाही, नियम म्हणजे नियम. माझा आवाज चढला की मी दमलेय, हे त्यांना तिथूनही कळतं. वाद घालायचा नाही.

तर आवरते. साहेब, तुमचे उपकार मानते, वहिनींचेही मानते, आपला माणूस त्यांनी इतकी वर्षं आम्हाला दिला. ज्यांनी हे सभागृह झाडलं, खुर्च्या मांडल्या त्यांचेही आभार. माझ्या बोलण्यानं कुणाला चटका बसला असेल तर तो वाफेचा समजा आणि सोडून द्या. मोठ्यांशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि आता शिकायला उशीर झालाय.

मी खाली जाऊन त्या बाकावर बसतेय. कार्यक्रम संपला की आम्ही चौघी ते उचलून परत रुळाशेजारी ठेवू. ते नको असेल, तर अध्यक्ष महोदय, तुम्हाला आम्हाला त्यावरून उठवावं लागेल.

जाऊबाई, जरा सरका. तिघांची जागा करा.

साहेब, बाक.