समजा, दिवा लागला!

...नाही, तुम्ही हसा हो, खुशाल हसा! पण मला सांगा, जिथं नऊ महिने खरी वस्तू म्हणून एक दाखवली नाही, त्या शाळेत शिकलेल्या माणसानं करायचं काय? नाव केवढं, तर आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी व्यवसाय प्रशिक्षण केंद्र! आणि जागा? लाँड्रीच्या वर दोन खोल्या. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, का, तर आवाज घुमू नये. खालून इस्त्रीची वाफ, वर आम्ही चौदा जण घामाघूम, आणि आमचे सर, छाती पुढे काढून, "समजा, हा कॅमेरा!" तो असायचा बुटांचा खोका. "समजा, हा माईक!" तो तरी होता हो, पण त्याची वायर कुठंच जात नव्हती!

आणि तो लाल दिवा. दिवा लागला की माईक चालू, मग जीभ सांभाळायची, हा या धंद्यातला पहिला धडा. पण आमचा दिवा पहिल्याच दिवशी गेलेला! मग सर हात वर करून ओरडायचे, "समजा, दिवा लागला!" की आम्ही सुरू. नऊ महिने, तुम्हाला सांगतो, नऊ महिने!

बरं, नोकरी लागली. खऱ्या रेडिओवर, बातम्या वाचायची! आमचे बाबा शिंपी. त्यांनी स्वतः शर्ट शिवला, सगळ्या गिऱ्हाइकांना बजावलं, "अकराला दुकानात या, पोराचा आवाज ऐकवतो." आणि पहिल्या दिवशी सकाळी मी रेडिओच्या गेटवर पोचतो न पोचतो तोच बाबा सायकल हाणत मागून हजर! गळ्यात टेप, पँटला दोरे चिकटलेले. "अरे, वरचं बटण सैल राहिलंय!" आणि तिथंच, सगळ्यांदेखत, सुई काढून बटण लावलं, दोरा दातानं तोडला, पाठीवर थाप मारली आणि गेले. आणि मला... खोटं कशाला बोलू, मला त्यांची लाज वाटली हो.

अकरा वाजतच आलेले. मी माईकपुढे. हवामान वाचणाऱ्या बाई कागद ठेवून जाता जाता दारातून म्हणाल्या, "गेटवर बटण लावत होते ते वडील का हो?" आणि दार लागत आलं. तेवढ्यात समोर दिवा लागला. लालभडक! मी बघितला की! पण... "समजा" कुणी म्हटलंच नाही! मी आपला निवांत. दाराकडे तोंड करून, पोटातून, शाळेत घोटून घेतलेल्या एकेका उच्चारासकट म्हणालो, "गेटवर बटण लावणारे? छे! वडील कसले! गल्लीतले शिंपी आहेत. उगीच मागे लागतात!"

काचेपलीकडचा तंत्रज्ञ दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, शुभेच्छा देतोय. मीपण हलवला!

नोकरी गेली, ती जाऊ द्या हो. पण घरी जायची वाट दुकानावरूनच. बाहेरून बघितलं तर बाकावर सगळी गिऱ्हाइकं बसलेली, रेडिओ बंद, बाबा खाली मान घालून मशीन मारतायत. मी उंबऱ्यात. कसाबसा म्हणालो, "बाबा, ते मी... ते तसं नव्हतं..."

मशीन थांबलं. आमच्या सरांना हा माणूस कधी भेटलेला नाही, तुम्हाला सांगतो, कधीच नाही! माझ्या शर्टाकडे बघत म्हणाले, "बटण नीट बसलंय ना? झालं तर. समजा, मी ऐकलंच नाही."

तेव्हापासून ते समजतात, त्यांनी ऐकलं नाही. मी समजतो, मला ते पटलं. चाललंय आपलं... शिक्षण वाया गेलं, असं काही म्हणता यायचं नाही.