मुंगीचा वजीर

नाही हो ताई, रेटिंग विचारलंत त्यात काय चुकलं तुमचं? विचारावंच. गाडी शिकवायला येणाऱ्याला आपण लायसन आहे का ते विचारतोच ना — चौदाशे. चौदाशे आणि वर थोडंसं. म्हणजे किती? तुम्ही बुद्धिबळ खेळत नाही, तेव्हा असं समजा, की जे खरोखर खेळतात त्यांच्यात मला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. पण बसा ना तुम्ही. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — ही घ्या. खालच्या इस्त्रीवाल्याची सगळी वाफ जिन्यातून वर येते, पंखा लावतो. आणि मुंगी कुठंय? खालीच थांबली? वर यायचं नाही म्हणाली? ...बरं. असू दे. मुंगी म्हणजे तुमची लेक हो, इथं सगळी पोरं तिला मुंगीच म्हणतात, एवढीशी आहे आणि एक क्षण स्वस्थ बसत नाही — बसायची नाही. हल्ली बसते. हल्ली अगदी शहाण्यासारखी बसते.

तर कमी रेटिंगवाल्यानं शिकवू नये, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या उंच मुलाच्या वडलांनी ना? मला वाटलंच. ते सगळ्यांना सांगतात. आता माझंही ऐका. मागे एकदा मी एका मोठ्या सरांना बोलावलं होतं इथं, फार मोठे, त्यांच्यासमोर मी पंचवीस खेळ्याही टिकणार नाही. त्यांनी भिंतीवरच्या या पटावर सोंगट्या मांडल्या आणि म्हणाले, हे तर दिसतंच की. पोरं एकमेकांकडे बघायला लागली — काय दिसतंय? सर पुन्हा म्हणाले, अरे, दिसतंच की! आता ज्याला पोहायला येऊन चाळीस वर्षं झाली, त्याला नाकातोंडात पाणी जातं म्हणजे काय होतं ते कसं आठवणार? मला आठवतं. माझ्या तर अजून जातं! पोराचा घोडा अडकला, की ते का गांगरलं ते मला लगेच कळतं, कारण मीही तिथंच गांगरतो. नवशिक्यांना माझ्यासारखाच माणूस हवा. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

फक्त — मूल नवशिकं राहिलं नाही, की काय करायचं? ते या भाषणात येत नाही माझ्या.

नाही, नाही, डोकं नाही असं कोण म्हणतं? ती स्वतः म्हणते? कधीपासून? ...आणि रडते? घरचा पट माळ्यावर टाकायला लावला तिनं? ताई, हे मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं शाळेचा अभ्यास वाढला असेल, पोरं गप्प होतात अधूनमधून — मला वाटलं म्हणजे, मी वाटून घेतलं. तसंच म्हणायला हवं.

तुम्हाला एक सांगतो. मागच्या स्पर्धेच्या आधीची गोष्ट. या भिंतीवरच मी एक डाव मांडला होता. उत्तर सोपं, उंटानं हत्ती मारायचा, फायदा करून घ्यायचा. सगळ्यांनी तेच सांगितलं. मुंगी बाकावर उभी राहिली, म्हणाली, सर, वजीर देऊन टाकला तर? आता वजीर म्हणजे आपली सगळ्यात भारी सोंगटी, तो कुणी फुकट देतं का? ती भराभर सांगायला लागली, मग राजा असा घेणार, मग घोडा इथं, मग तो तिकडे पळणार — दोन खेळ्या मी तिच्याबरोबर गेलो. तिसरी मला दिसेना. खरंच दिसेना हो. समोर पंधरा पोरं, दारात दोघांचे वडील उभे. मी म्हणालो, ‘मुंगे, वजीर काय साखर आहे का वाटायला?’ झालं, सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली. खाली बसली.

रात्री डाव कॉम्प्युटरला घातला. पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. वजीर द्या. चार खेळ्यांत मात. तिचंच सगळं, जसंच्या तसं. नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं आणि मला नाही. अभिमान वाटायला हवा होता, नाही का? मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणून तोच डाव पुन्हा मांडला मी भिंतीवर. आणि पोरांची पावलं जिन्यात वाजली तशा सगळ्या सोंगट्या काढून डब्यात टाकल्या.

मग ती स्पर्धा. शेवटचा डाव हरली ना ती? बाहेर येऊन मला म्हणाली, सर, वजीर देऊन जिंकता येत होतं, मला दिसलं होतं, पण तुम्ही देऊ नये म्हणता ना, म्हणून नाही दिला. आणि मी काय म्हणालो माहितीये? ‘शाब्बास’ म्हणालो. हरलेल्या पोरीला मी शाब्बास म्हणालो, ताई! तेव्हापासून ती प्रत्येक खेळीआधी माझ्या तोंडाकडे बघते. यात रेटिंगचा काय संबंध? चौदाशेवाल्यालासुद्धा ‘मला नाही दिसलं गं’ एवढं म्हणता येतं. माझी जीभच रेटली नाही.

तिला त्या मोठ्या सरांकडे घाला. मी त्यांच्याशी बोलतो. पण आधी तिला वर बोलवा. मीच सांगतो, तुमच्यासमोर सांगतो. मारा हाक खिडकीतून.

ये गं, ये मुंगे. बस. अगं, बस तरी. आई म्हणते तुला यायचं नाही आता... तर मी काय सांगत होतो, तो आपला वजिराचा डाव आठवतो का? भिंतीवरचा? त्यात तू जे म्हणालीस ना, ते — म्हणजे कल्पना बरी होती हं. तुझ्या वयाच्या मानानं चांगलीच म्हणायची. फक्त घाई करू नये माणसानं, जरा सावकाश —

थांबा, ताई. तुम्ही नका सांगू. तुम्ही नका ना सांगू, मी सांगतोय, मी —